ठमीची खोली

अवधूत मूळचा नागपूरचा, आणि नागपूरच्या माणसाला उकाड्याबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. कुलरची खस कधी बदलायची, टाकीत पाणी किती ठेवायचं, कुलर खिडकीत कसा बसवायचा, हे सगळं त्याला बाळकडू मिळाल्यासारखं येत होतं. थंडीशी मात्र त्याची ओळख दूरच्या पाहुण्याइतकीच. डिसेंबरात यायची, चार दिवस राहायची, हुरडा खाऊन परत जायची. अशा माणसाला नोकरीने सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या बॉथेलला आणून टाकलं होतं, जिथे ढग एकदा दिवाळीला मुक्कामाला आले की अक्षय्य तृतीयेपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत.

नोकरी म्हणजे कंपनीची सॉफ्टवेअरं कुठे अडली की ती का अडली हे शोधायचं. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. टीममध्ये नवीन मुलं आली की तो त्यांना एकच गोष्ट सांगायचा. ‘काल चालत होतं आणि आज चालत नाही, म्हणजे मधे कुणीतरी काहीतरी बदललंय. आधी ते शोधा. बाकी सगळं नंतर.’ हे वाक्य तो इतक्या वेळा बोलला होता की मुलं त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायची. पण दुसऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं. स्वतःच्या घराला आग लागली की माणसाला विहीर कुठे आहे तेही आठवत नाही.

त्याच्या घराला आग लागली नव्हती. लागली असती तर निदान ऊब तरी मिळाली असती.

झालं असं होतं, की त्याची बायको चैत्राली दिवस पूर्ण व्हायच्या खूप आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, दोन तळव्यांत मावेल एवढी. नाव ठेवायचं तर बारसं व्हायला हवं आणि बारसं व्हायला पोर घरी यायला हवी, म्हणून आजीने, म्हणजे चैत्रालीच्या आईने, तिला तात्पुरतं ठमी म्हणायला सुरुवात केली. ठमी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, पायाला वायर. चैत्राली दिवसभर त्या पेटीशी बसून असायची आणि संध्याकाळी अवधूत तिथे गेला की दोघं पोरीच्या पोटाकडे बघत राहायची. पोट वर होतंय, खाली होतंय. मधेच थांबलं की दोघांचाही श्वास थांबायचा.

मग हळूहळू नळी निघाली, पोर दूध ओढायला लागली आणि एके दिवशी नर्स म्हणाली की असंच राहिलं तर शुक्रवारी घरी न्या. चैत्राली रडायलाच लागली. पण नर्सचं बोलणं संपलं नव्हतं. बाळाची खोली गरम पाहिजे, दिवसरात्र एकसारखी. एवढ्याशा बाळाला स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवता येत नाही. सगळी ताकद ऊब धरण्यात गेली की ते दूध सोडतं, वजन उतरतं आणि मग त्याला परत इथेच आणावं लागतं. पाळण्याजवळ सुटा हीटर नको, अंगावर जाड पांघरुणं नकोत, नुसती खोली गरम हवी. चैत्रालीने त्यातलं ‘परत इथेच’ एवढंच ऐकलं. त्यानंतर ती दर फोनला तेच विचारायची. ‘रूम वॉर्म आहे ना रे?’

आणि रूम वॉर्म नव्हती.

ठमीची खोली वरच्या मजल्यावर, गॅरेजच्या डोक्यावर. तिथे पहिल्यापासूनच थोडा गारवा असायचा. पण पोर जन्मली त्याच आठवड्यात बाहेर कडाका पडला आणि खोलीचा पार बर्फखाना झाला. गॅरेजातली फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारी गॅसची भट्टी, सुरू व्हायची, जमिनीतल्या जाळीतून थोडा वेळ गरम हवा यायची, मग नुसती गारच हवा येत राहायची. अवधूतने जाळीवर हात ठेवून बघितलं, गाल ठेवून बघितला, शेवटी पालथा झोपून कान लावला. काही उपयोग नाही. त्याने फिल्टर बदलला. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या. खिडकीच्या फटी बुजवल्या. जिन्याखाली दुखणं आणि माळ्यावर औषध, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी त्याची गत होती, पण हे त्याला कोण सांगणार?

मग त्याला नागपूरचं घर आठवलं. ते राहायचे सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायची. मग त्याची आई गॅलरीतून खाली ओरडायची, ‘अहो, नळ बंद करा जरा!’ खालचे नळ बंद झाले की वरची धार अंगठ्याएवढी व्हायची. अवधूतने तोच हिशेब इथे लावला. घरभर फिरून त्याने बाकीच्या खोल्यांतल्या जाळ्या फटाफट बंद केल्या. सगळी ऊब आता ठमीच्या खोलीत जाईल, जाते कुठे!

दुसऱ्या दिवशी सगळंच घर गारठलं. ठमीची खोली तर सगळ्यांच्या पुढे. आगीतून फुफाट्यात पडलो म्हणावं, तर फुफाटा तरी गरम असतो.

या घरात त्याच्यासोबत होत्या त्याच्या सासूबाई, शोभाताई. वर्ध्याच्या. लेक अडली म्हणताच आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, एकट्या, मधे दोन ठिकाणी विमान बदलून आल्या होत्या. येताना त्यांनी अंगावरच्या स्वेटरशिवाय उबेचं काही आणलं नव्हतं, पण देव आणले होते. आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी कुलदेवीला बोलून दिवा लावला. पोर घरी येईपर्यंत हा दिवा विझू देणार नाही, असा नवस.

दिवा कुठे ठेवायचा हे अवधूतनेच सांगितलं होतं. इथली घरं लाकडाची, खाली गालिचा, खिडक्यांना पडदे आणि छताला धूर लागताच वाजणारे भोंगे. तेव्हा त्याने विचार करून जिन्याजवळच्या पॅसेजमधला फरशीचा तुकडा दाखवला. वर पडदा नाही, खाली गालिचा नाही, भोंगा लांब. वर दिशाही पूर्वेची निघाली. शोभाताई खूश झाल्या. ‘जागा चांगली काढून दिली हो तुम्ही, अवधूतराव.’

सासू-जावयाचं नातं मोठं गमतीचं. एकमेकांना अहो-जाहो, एकमेकांसमोर पाय पसरून बसायचं नाही, आणि काही खुपलं तरी बोलायचं नाही. सकाळी शोभाताई स्वेटरवर शाल आणि शालीवर टॉवेल घेऊन चहा करायच्या. अवधूत विचारायचा, ‘आई, थंडी वाजत नाही ना?’ ‘नाही जी, छान आहे की!’ मग त्या विचारायच्या, ‘तुमची फर्नेस बिघडली का हो?’ ‘नाही आई, चालू आहे. थोडं अ‍ॅडजस्ट करतोय.’ दोघं एकमेकांना इतकी जपत होती, की गारठून मेली असती तरी कुणी तोंडातून शब्द काढला नसता.

गुरुवार उजाडला. उद्या ठमी येणार, आणि खोलीतला फॅरनहाइटचा आकडा एकसष्टच्या वर सरकेना. नर्सने बहात्तर सांगितलं होतं. अवधूतने सकाळपासून हीटिंगवाल्यांना फोन लावले. सगळ्या गावाची तीच रड होती. एकीकडे सोमवार मिळाला, दुसरीकडे त्याच्यापुढचा बुधवार. ‘घरात लहान बाळ येणार आहे हो,’ असं तो ज्या आवाजात बोलला, तो आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. पलीकडच्या बाईने मनापासून सॉरी म्हटलं आणि सोमवारच सांगितला.

मग त्याने केदारला फोन केला. केदार तिथून जवळच राहणारा, पुण्याचा मित्र. ‘यार, आमच्याकडे या ना सरळ,’ केदार म्हणाला आणि लगेच त्याचाच आवाज पडला. ‘पण थांब, दोन्ही पोरांना फ्लू झालाय. नको. एवढ्या छोट्या बाळाला नकोच.’ हॉटेल बघावं, तर नर्सने माणसांची वर्दळ टाळायला बजावलेलं. अवधूतने चारी दिशांना हात मारून पाहिले आणि परत गॅरेजात फर्नेसपुढे जाऊन बसला.

तिच्या पत्र्याला एक छोटीशी काच होती. आतल्या निळ्या ज्वाळा तिच्यातून दिसायच्या. तो बघत असतानाच त्या भपकन विझल्या. पंखा फिरतच राहिला, बाजूचा लाल दिवा मिचकावायला लागला. मिचकावण्याचा अर्थ झाकणाच्या आत लिहिलेला होता: फर्नेस जास्त तापली म्हणून बंद पडली, हवा पुरेशी फिरत नाही. अवधूतला रडावं की हसावं कळेना. घर गारठलंय आणि ही बाई म्हणते मी तापले! आणि हवा फिरत नाही म्हणजे काय? फिल्टर कोरा करकरीत होता. त्याने तो पुन्हा काढला, पुन्हा बसवला. त्याला काही सुचत नव्हतं.

दुपार कलली. तिथे जानेवारीत दुपार कलली म्हणजे अंधारच. फोन वाजला, चैत्रालीचा. अवधूत तेव्हा पॅसेजमध्ये होता आणि शोभाताई दिव्यात तेल घालत होत्या.

‘उद्या सकाळी डिस्चार्ज, कन्फर्म झालं!’ चैत्रालीचा आवाज नुसता फुलला होता. ‘आज तिने सगळं दूध फिनिश केलं. रूम वॉर्म आहे ना रे?’

अवधूतने घरातच कानटोपी घातली होती.

‘हो,’ तो म्हणाला. ‘एकदम वॉर्म.’

‘आणि आईचा दिवा?’

‘चालूये.’

‘मग मला काही टेन्शन नाही,’ चैत्राली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शोभाताईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. जावई धडधडीत खोटं बोलला, ते त्यांनी ऐकलं होतं. अवधूत जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड खुपसून रडायला लागला. हुंदके देऊन, लहान मुलासारखा. मुलगी जन्मल्यापासून एवढे दिवस त्याने बायकोसमोर धीर धरला होता, नर्ससमोर धरला होता, आणि फुटला तो कुणासमोर, तर सासूसमोर. ज्या पोरीला वाचवायला एवढं हॉस्पिटल झटलं, तिला आपण एक गरम खोली देऊ शकत नाही. तिला परत त्या पेटीत ठेवावं लागलं तर चैत्रालीला कुठल्या तोंडाने सांगणार?

शोभाताई काय करतील? जावयाच्या डोक्यावरून हात फिरवायची रीत नाही. त्या आपल्या दिव्यापाशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘इकडे या जरा. दिव्याशी हात शेका.’

तो उठला, फरशीवर येऊन बसला आणि हात पुढे केले. डोळे पुसून त्याने ज्योतीकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. ज्योत सरळ, काठीसारखी उभी होती. जरासुद्धा हलत नव्हती. आणि त्याला आठवलं. पहिल्या संध्याकाळी हाच दिवा याच जागी असा फडफडत होता की शोभाताई पदर आडवा धरून बसल्या होत्या.

‘आई,’ त्याने विचारलं, ‘ही ज्योत हलत कशी नाही?’

शोभाताईंचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत त्यांच्या दिव्याचं कुणी काही विचारलं नव्हतं. ‘अहो, पहिल्या दिवशी किती तरास दिला तिनं! इथं मागं भिंतीला जाळी आहे ना मोठी, तिथून वारा ओढायचा. दोनदा तर विझता विझता राहिली. मग मीच बंदोबस्त केला. तुम्हाला कशाला सांगायचं, तुमच्यामागं आधीच एवढे व्याप!’ त्यांनी देवामागे नीटनेटका लावलेला जरीकाठी शेला बाजूला केला. मागे पुठ्ठा होता. ठमीच्या पाळण्याच्या खोक्याचा, नीट मापात कापलेला, कडेने चिकटपट्टी मारलेला. ‘आणि काय सांगू, लावायला गेले तर आपोआप जाऊन बसला. आतून कुणी ओढून घेतल्यासारखा. मला तर वाटलं, देवीनंच घेतला.’

अवधूत त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. काल चालत होतं, आज चालत नाही. मधे कुणीतरी काहीतरी बदललंय. ज्या संध्याकाळी हा पुठ्ठा लागला, त्याच संध्याकाळपासून खोली गारठायला लागली होती. आणि कडाका बाहेर पडला म्हणून तो बाहेरच बघत बसला. दिव्याची जागा त्यानेच दाखवली होती. उरलीसुरली हवा जाळ्या बंद करून त्यानेच कोंडली होती.

त्याच्या डोक्यात तिडीक उठली. ओरडावं, पुठ्ठा ओरबाडून काढावा. पण समोर तेलकट बोटांनी शेल्याची घडी करत बसलेली ती बाई होती, थंडीने ओठ काळेनिळे पडलेली, आणि तिने जे केलं ते त्याच्याच पोरीसाठी केलं होतं.

‘आई,’ तो जमेल तेवढ्या हळू म्हणाला, ‘त्या जाळीतून घरातली हवा परत फर्नेसकडे जाते. तीच गरम होऊन वर येते. ही बंद झाली की...’

त्याला पुढचं बोलावं लागलं नाही. शोभाताई वर्ध्याच्या होत्या. उन्हाळे त्यांनी त्याच्यापेक्षा जास्त काढले होते.

‘म्हणजे,’ त्या म्हणाल्या, ‘चालत्या कुलरच्या मागं पोतं बांधलं मी.’

शोभाताईंचे हात तिथल्या तिथे थांबले होते.

‘माझ्या दिव्यानं खोली गार केली तिची,’ त्या म्हणाल्या. ‘अगं माय!’

‘आई, तुम्हाला माहीत नव्हतं. आणि जाळ्या तर मी पण बंद केल्यात. आपण असं करू, दिवा किचनमध्ये नेऊ, मग...’

‘नवसाचा दिवा मांडला की जागचा हलवत नाहीत, अवधूतराव.’

‘मग आडोसा करू काहीतरी. थांबा, मी बघतो.’ तो उठलाच होता. नवसबिवस त्याने कधी मानला नव्हता. पण पोर काचेच्या पेटीत असताना माणूस काय मानतो आणि काय नाही याचा नेम नसतो. उद्यावर आलेली पोर, आणि आज दिवा विझवायचा? त्याचाही धीर होईना. सकाळपर्यंत थांबलं तर?

तेवढ्यात टर्रकन आवाज झाला. शोभाताईंनी चिकटपट्टी ओढली होती. पुठ्ठा निघता निघेना, आतून तेवढा जोर होता. त्यांनी जाळीत बोटं घालून, एका पायावर जोर देऊन तो सोडवला आणि फेकला. मग दिव्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरून बसल्या.

‘मी धरते आडोसा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही जा. जाळ्या उघडा. जा ना!’

अवधूत धावला. खोल्याखोल्यांत गुडघ्यांवर बसून त्याने जाळ्या उघडल्या. गॅरेजात जाऊन फर्नेस बंद करून पुन्हा चालू केली. मग ठमीच्या खोलीत गेला आणि जमिनीतल्या जाळीवर हात धरून थांबला. आधी गार हवा आली. मग कोमट. मग अशी हवा आली, की त्याने हात न काढता तिथेच डोकं टेकलं. हवा आली आणि येत राहिली. भिंतीवरचा आकडा एकाने सरकला, मग अजून एकाने.

तो तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आला. ‘आई! आली, गरम हवा...’

शोभाताई तशाच बसल्या होत्या. ओंजळ तशीच धरलेली. आत ज्योत नव्हती. वातीतून धुराची एक रेघ निघून सरळ जाळीत ओढली जात होती.

‘फार जोर होता हो,’ त्या म्हणाल्या. ‘धरवेना.’

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. चैत्रालीचं नाव बघून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. दिवा विझला आणि हॉस्पिटलातून फोन. अवधूतला फोन उचलवेना. शोभाताईंनी एक हात छातीवर धरला होता. शेवटी त्याने बटण दाबलं.

‘अरे, कार सीट आठवणीनं घेऊन ये उद्या,’ चैत्राली म्हणाली. ‘ती आत्ताच हसली झोपेत! आईला दे ना.’

शोभाताईंनी फोन घेतला. दोन्ही हातांनी, एखादी जड वस्तू धरावी तसा.

‘आई, दिवा चालू आहे ना गं? मी इथे त्याच्याच भरवशावर बसलेय बघ.’

शोभाताईंनी विझलेल्या वातीकडे पाहिलं. मग अवधूतकडे पाहिलं. देवाच्या पुढ्यात बसून त्या आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या.

‘आहे गं बाई,’ त्या म्हणाल्या. ‘छान आहे. तू आण तिला. खोली गरम झाली.’

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मग शोभाताईंनी फरशीवर हात टेकून अंग उचललं. पाय पार बधिर झाले होते. अवधूतने रीतभात न बघता त्यांचा दंड धरला आणि त्यांनी धरू दिला.

‘तुमच्या त्या फर्नेसमध्ये,’ त्यांनी विचारलं, ‘आत जाळ असतो का हो?’

‘असतो ना. गॅसचा.’

‘मला दाखवा.’

तो त्यांना गॅरेजात घेऊन गेला आणि ती छोटी काच दाखवली. शोभाताई वाकल्या. आत निळ्या ज्वाळा एका रांगेत लागल्या होत्या. याच ज्वाळा दुपारी अवधूतच्या डोळ्यांदेखत विझल्या होत्या, तेव्हा त्याचा जीव अजून टांगणीलाच होता. दोघं तिथे सिमेंटच्या गार जमिनीवर उभी राहिली, काचेला नाक लावून, विझतात की काय याची वाट बघत. विझल्या नाहीत.

‘विझत नाही ना आता?’

‘खोली पुरेशी गरम झाली की आपोआप थांबते आई. गार झाली की परत लागते.’

‘ठमी आहे तोवर लागते ना?’

‘लागते.’

‘मग झालं,’ शोभाताई म्हणाल्या. ‘लेकीशी खोटं नाही बोलले मी.’

एवढं म्हणून त्या काचेवर कपाळ टेकून रडायला लागल्या, आणि जावयाने, रीत नसताना, त्यांच्या पाठीवर हात ठेवला.